रडकं गाणं ऐकलं म्हणून लेकरू बिघडत नसतंय

दहावी झाली की नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडची लेकरं नीटच्या तयारीला लातूरला येतात, रूम करून नाहीतर होस्टेलला राहतात, आणि रात्री आईचा फोन आला की "काय करायलास?" "काही नाही, गाणे ऐकायलोय." झालं, इथून भाषण सुरू. अभ्यास सोडून गाणे, तेही असले रडके, पोरगं कुणाच्या नादी लागलं का काय! पण गाणं कुठलंय यावरून फारसं काही कळत नाही बघा, गाणं संपल्यावर लेकराचं काय होतंय ते बघायचं असतं.

या वयात मेंदूतला अमिग्डालासारखा भाग, जिथून भीती आणि राग उसळतात, तो जोरात कामाला लागलेला असतो, आणि त्याला आवरणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणजे बैल तरणा झालाय आणि कासरा अजून वळायचाय. त्यात टेस्टमधे मार्क कमी पडले, मैत्रिणीनं बोलणं टाकलं, आईबाप उचल घेऊन कारखान्यावर गेलेत, हे सगळं त्याच मेंदूनं सोसायचं.

गाण्याचं तिथं काय काम? 2011 मधे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी लोकांना त्यांचंच आवडतं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदू स्कॅन केला, तर डोपामिन, म्हणजे मेंदूतलं हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन, सुटताना दिसलं, आणि गंमत म्हणजे आवडीची जागा यायच्या आधीच, नुसती वाट बघतानाही. पोरं एकच गाणं पन्नासदा का लावतात याचं थोडं उत्तर इथं असावं असं मला वाटतं.

फिनलंडच्या सुवी सारिकाल्लिओ आणि याक्को एर्किला यांनी 2007 मधे थेट किशोरवयीन पोरांनाच विचारलं की तुम्ही गाणे कशासाठी ऐकता. अभ्यास छोटाच होता, पण उत्तरं भारी होती. नुसती करमणूक नाही, राग बाहेर काढायला, डोक्यातला गुंता सोडवायला, आणि दुःखात कुणीतरी सोबत आहे असं वाटायला. यात नवीन काय म्हणा, आपल्या आज्ज्या जात्यावर बसून सासरचा सगळा जाच ओवीत घालून मोकळ्या व्हायच्याच की, तोंडावर बोलायची सोय नव्हती.

बरं, रडक्या गाण्यासारखीच दणदणीत गाण्याचीही भीती असते, की त्यानं पोरं भडकतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात 2015 मधे एक्स्ट्रीम मेटल, म्हणजे कर्कश आरडाओरड्याचं रॉक संगीत, ऐकणाऱ्या 39 जणांना (वय 18 ते 34) आधी जुन्या रागाच्या गोष्टी बोलायला लावून चिडवलं, मग काहींना त्यांचं संगीत दिलं, काहींना गप्प बसवलं. संगीतवाल्यांचा राग वाढला नाही, उलट शांत बसलेल्यांसारखाच उतरला. चाहतेच होते ते, हे मात्र ध्यानात ठेवा.

मग बिघडतं कुठं? तेच तेच उगाळत बसण्यात. ज्याला मुळात दुःख घोळवत बसायची सवय आहे त्याला उदास गाणं ऐकून जास्तच वाईट वाटू शकतं, असं अभ्यासातून दिसलंय. म्हणून "ऐकून झाल्यावर कसं वाटायलंय?" हा प्रश्न विचारा, हलकं का जड, आणि गाण्यात लपून माणसं टाळणं चाललंय का तेही बघा.

जड वाटत असेल तर गाणं बंद कर म्हणू नका, क्रम बदला. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी 1940 च्या दशकात मांडलेली युक्ती म्युझिक थेरपीत अजून वापरतात, आधी मन जसं आहे तसलंच संगीत लावायचं आणि मग हळूहळू पुढं सरकायचं. रडणाऱ्याला एकदम हळदीतलं गाणं लावलं तर ते चिडणारच ना!

आणि जमलं तर गावं, तेही चारचौघांत. स्वीडनमधे 2013 मधे 18 वर्षांच्या पोरापोरींना एकत्र गायला लावून हृदयाचे ठोके मोजले, तर ठोक्यांचा वेग सगळ्यांचा बरोबरच चढायला उतरायला लागला, कारण ओळ लांब असली की श्वास सावकाश सोडावा लागतो आणि तेव्हा व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडं येणारी नस, हृदयाला जरा दमानं घ्यायला लावते. सप्त्यात टाळ घेऊन हरिपाठाला उभी राहणारी पोरं बघा, तिथं ओळ, श्वास आणि पाऊल सगळं एका ठेक्यात असतं. देवाचं ज्याचं त्याचं, श्वासाचं गणित सगळ्यांना सारखंच.

पण गाण्यानं सगळं बरं होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उत्तर आयर्लंडमधे बेलफास्टला 8 ते 16 वयाच्या 251 मुलांवर म्युझिक थेरपीचा मोठा अभ्यास झाला, 2017 मधे छापून आला, त्यात उपचार संपताना आत्मविश्वास वाढला, डिप्रेशन कमी झालं, पण काही महिन्यांनी तो फायदा टिकलेला दिसला नाही. लेकरू दोन आठवडे उदासच असेल, झोप-जेवण गेलं असेल, जगण्यात अर्थ नाही असलं बोलत असेल तर प्लेलिस्ट करत बसू नका, 14416 ला फोन लावा, टेली मानस नावाची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतं आणि मराठीत बोलता येतं.

आता राहिला आवाज. डब्ल्यूएचओच्या हिशोबानं मुलांसाठी आठवड्याला 40 तास ऐकायचं तर 75 डेसिबलच्या आत. बऱ्याच फोनमधे आवाजाला मर्यादा लावायचं सेटिंग असतं, ते शोधून लावून द्या. वरातीतल्या डीजेला तसलं काही लावता येत नाही, तिथं लेकराला ओढून मागं आणा.