कुलूप आहे, पण कपाट तापतंय

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ला टेकला की माणसांसाठी कूलर लागतात. औषधांचं कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात गेलो होतो. औषधांचं कपाट लोखंडी, किल्ली मावशींच्या कमरेला. झोपेच्या गोळ्या वेगळ्या कप्प्यात, मोजून, वहीत नोंदवून. शिस्त वाखाणण्यासारखी. पण कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं, वर पत्रा. दुपारी चारला दार उघडलं तर आतून झळ आली, आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास.

मावशी म्हणाल्या, "सिरप सांडलं असंल."

वास एका प्लास्टिकच्या डबीतून येत होता. वाटायला सोपं जावं म्हणून ॲस्पिरिनच्या गोळ्या पाकिटातून काढून त्यात ठेवल्या होत्या. ॲस्पिरिनला ओल लागली की त्याचे दोन तुकडे होतात : सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल. दुसरं म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. ओल कूलरच्या दमट हवेने पुरवली, घाई उष्णतेने केली. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पाकिटावर 'कोरड्या जागी, ३० अंशांखाली ठेवा' असं छापतात ते उगीच नाही. शिवाय गोळ्या सुट्ट्या केल्या की मुदतीची तारीखही पाकिटाबरोबर कचऱ्यात जाते.

इन्सुलिनचं दुखणं वेगळं. ते प्रथिन, उष्णतेने त्याची घडी मोडते, गोठलं तरी बिघडतं. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत हवी, मधल्या फळीवर. दारात नको, बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे बाहेर चालते (नेमके दिवस वेष्टनावर पाहा), पण तेही ३० अंशांच्या आत. मे महिन्यात ते आणायचे कुठून?

लाइट गेली तर माठ कामाला येतो. माठाभोवती ओला सोलापुरी टॉवेल, आत कोरड्या डब्यात इन्सुलिन. इथली हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. फ्रिजची बरोबरी होत नाही, पण वेळ निभावते.

ॲस्पिरिन टाकून दिलं. कपाट आतल्या बोळात हलवलं, आत थर्मामीटर टांगला. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन : "सर, तेहतीस दाखवायलंय. कालच्यापेक्षा बरंय, पण वरचे तीन कुठं घालवू?"