४५ अंशांचे ऊन आणि अत्तराचा हिशेब

एप्रिल उजाडला की भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकल्याच्या बातम्या येऊ लागतात, आणि त्याच सुमारास, लग्नसराईच्या तोंडावर, परफ्यूमच्या दुकानांत एक सल्ला हमखास ऐकू येतो : "आपल्याकडच्या उन्हात हलका सेंट उडून जातो, कडक आणि गोड घ्या, दिवसभर हलणार नाही." यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे. दुसऱ्या अर्ध्या भागामुळे मात्र मे महिन्याच्या दुपारी मांडवात शेजारी बसणाऱ्याचे डोके दुखते. असे का होते हे समजण्यासाठी बाष्पीभवनाचा थोडा हिशेब करावा लागतो, आणि तो एकदा कळला की महागड्या बाटलीची गरजही पुष्कळ कमी होते.

वास येतो तो हवेत उडून नाकापर्यंत पोचलेल्या रेणूंचा. लिंबू-संत्र्याच्या सालीत असणाऱ्या लिमोनीनचा रेणुभार १३६ आहे आणि व्हॅनिलाचा गोड वास ज्याच्यामुळे येतो त्या व्हॅनिलिनचा १५२, म्हणजे वजनात फरक किरकोळच. तरीही २५ अंश तापमानाला लिमोनीनचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, व्हॅनिलिनच्या दहा हजार पटींहून अधिक असतो, कारण व्हॅनिलिनच्या रेणूंत ऑक्सिजनचे अणू आहेत आणि त्यांच्यामुळे हे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात. लिमोनीनच्या रेणूंना अशी पकड नाही. भरलेल्या एसटीतून हातात नुसती पिशवी असलेला प्रवासी आधी उतरतो आणि पेटी-वळकटीवाला शेवटी, त्याप्रमाणे फवारा मारल्यावर आधी अल्कोहोल, मग लिंबूवर्गीय वास, त्यानंतर लव्हेंडरसारखे मधले घटक आणि सर्वांत शेवटी लाकूड, कस्तुरी, व्हॅनिला यांचे वास बाहेर पडतात. दुकानात टेस्टरच्या कागदावर पहिल्या मिनिटाला जो वास आवडतो तो घरी येईपर्यंत उरलेलाच नसतो, हे यामुळेच.

आता उष्णतेकडे येऊ. २५ अंशांवरून ४५ अंशांवर जाणे आपल्याला भयंकर वाटते, पण निरपेक्ष तापमानात, म्हणजे उणे २७३ अंशांना शून्य धरून, मोजले तर ही वाढ २९८ केल्व्हिनवरून ३१८ केल्व्हिनवर, म्हणजे जेमतेम ७ टक्के आहे. मग बाष्पीभवन कित्येक पटींनी का वाढते? द्रवातल्या सगळ्या रेणूंची ऊर्जा सारखी नसते. बहुतेक रेणू सरासरीच्या आसपास घुटमळतात आणि शेजाऱ्यांची पकड तोडून निसटण्याइतकी ऊर्जा फार थोड्यांकडे असते. तापमान वाढले की सरासरी किंचितच सरकते, परंतु त्या मूठभर उतावळ्यांची संख्या घातांकी पद्धतीने वाढते, आणि येथे एक सहज न सुचणारी गोष्ट घडते : पकड जितकी घट्ट, तितकी ही वाढ अधिक. एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक संख्या) पदार्थ वाफेत जाण्यासाठी ५० किलोज्यूल लागत असतील, तर २५ वरून ४५ अंशांवर जाताना त्याचा बाष्पदाब सुमारे साडेतीन पट होतो. तेच ८० किलोज्यूल लागत असतील तर सुमारे साडेसात पट. एकोणिसाव्या शतकात क्लॉसियस आणि क्लॅपेरॉन यांनी मांडलेल्या समीकरणातून हे आकडे वहीच्या अर्ध्या पानात निघतात. ज्यांना ते पान नको असेल त्यांनी निष्कर्ष तेवढा ध्यानात घ्यावा : उन्हाळ्यात हलके वास तर लवकर उडतातच, पण प्रमाणाने पाहिले तर भारी, गोड, तळाचे म्हणजे शेवटी सुटणारे वासच जास्त उसळतात. थंडीत जो व्हॅनिला-अंबरचा वास अंगाशी राहून मंद दरवळतो, तोच मेमध्ये खोलीभर पसरतो. म्हणून दुकानदाराचा "कडक आणि गोड घ्या" हा सल्ला खानदेशात नेमका उलटा पडतो.

अर्थात, वरचे आकडे ४५ अंशांच्या द्रवाचे आहेत. आपली त्वचा कधी ४५ अंशांना पोचत नाही. घाम वाळताना उष्णता घेऊन जातो आणि आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने तो झपाट्याने वाळतो, त्यामुळे हिवाळ्यात ३१ अंशांच्या आसपास असलेली उघडी त्वचा उन्हाळ्यात फार तर ३५-३६ वर जाते. तेवढ्या फरकाने बाष्पदाब दीडपटीच्या आसपासच वाढतो. तेव्हा "उन्हाने सेंट उकळून जातो" ही समजूत अतिशयोक्तीची आहे. त्वचेवरचा सुगंध पळवण्यात वाऱ्याचा वाटाही मोठा असतो. त्वचेला लागून हवेचा एक पातळ थर असतो. तो स्थिर असेल तर वासाच्या वाफेने भरत जातो आणि पुढचे बाष्पीभवन मंदावते. जळगावहून भुसावळला मोटरसायकलवर जाताना, किंवा कूलरच्या झोतासमोर बसल्यावर, हा थर क्षणाक्षणाला उडवला जातो. घामाचे ओघळ उरलेसुरले पुसून नेतात ते वेगळेच.

या सगळ्यावरचा जुना तोडगा आपल्या आजोबांच्या पिढीने कानाच्या पाळीत खोचून ठेवलेला होता. कापसाचा हरभऱ्याएवढा फाया घ्यायचा, कूपीच्या काचेच्या काडीने त्यावर थेंबभर अत्तर सोडायचे आणि कानाच्या वरच्या वळणात दाबून बसवायचे. कापसाच्या तंतूंत तेल मुरते, वारा लागतो तो केवळ बाहेरच्या पृष्ठभागाला, कानाच्या घडीत ऊन पोचत नाही, आणि ते अत्तर पारंपरिक पद्धतीने चंदनाच्या तेलात उतरवलेले असेल तर आणखी एक फायदा होतो : मिश्रणातला प्रत्येक घटक आपल्या वाट्याच्या प्रमाणातच वाफ देतो, त्यामुळे सावकाश उडणाऱ्या चंदनतेलात विरलेले गुलाबाचे रेणूही हळूहळू सुटतात. हा नियम राऊल्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात मांडला. आज फाया लावून कार्यालयात जाणे अनेकांना संकोचाचे वाटेल; त्यांनी शर्टाच्या कॉलरला आतून, बनियनला किंवा खिशातल्या सुती रुमालाला सुगंध लावावा. शर्टाच्या बाहेरच्या बाजूला लावण्यात अर्थ नाही, कारण भर उन्हात कापड त्वचेपेक्षाही जास्त तापते.

निवड करताना माझा कौल वाळ्याला आहे. अत्तरवाले त्याला खस म्हणतात. वाळ्याच्या मुळांच्या तेलातले मुख्य रेणू १५ कार्बनचे, २२० च्या आसपास रेणुभाराचे, म्हणजे टिकाऊ आहेत, आणि तरीही त्यांचा वास गोड नसून मातकट, कोरडा आहे. तो उन्हात वाढला तरी अंगावर येत नाही. चंदन आणि देवदार याच जातीचे. स्प्रे घ्यायचा झाल्यास वर्णनात व्हेटिव्हर (म्हणजे वाळाच), सीडर (देवदार), अँब्रॉक्सन असे शब्द असलेला, व्हॅनिला, टोंका (गोड वासाची एक बी), कॅरॅमल यांची रेलचेल नसलेला पाहावा. अँब्रॉक्सन हा देवमाशापासून मिळणाऱ्या अंबरला पर्याय म्हणून वापरला जाणारा पदार्थ क्लेरी सेज या वनस्पतीतल्या घटकापासून बनवता येतो.

किमतीचा संबंध टिकाऊपणाशी फार थोडा आहे. व्हॅनिलिन १८७४ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८८८ मध्ये आल्बर्ट बाउर यांना स्फोटकांवर काम करताना कस्तुरीसारखा वास देणारा पदार्थ हाती लागला. तेव्हापासून सावकाश उडणारे वास स्वस्तच होत गेले आहेत. त्यामुळे "केमिकल नसलेले शुद्ध अत्तर" या पाटीवर विश्वास ठेवून जास्त पैसे मोजू नयेत. गुलाबाचे तेलसुद्धा शेकडो रसायनांचे मिश्रणच असते. अत्तर लावून तिन्हीसांजेला बाहेर पडले की भूत मागे लागते ही समजूत आणि फवारा मारताच मुली मागे लागतात ही डिओची जाहिरात, या दोहोंना सारखाच आधार आहे.

दुप्पट फवारल्याने सुगंध दुप्पट वेळ टिकतो, हाही गैरसमजच. एखादा घटक दर दोन तासांनी निम्मा होत असेल, तर दुप्पट मात्रेने वाढतात ते फक्त दोनच तास. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलिलिटर द्रव जातो, म्हणजे १०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे हजार फवारे. सकाळी दोन आणि दुपारी रुमालावर एक, असे वापरले तर ती सुमारे अकरा महिने पुरते. वास गेला की नाही, हे मात्र स्वतःच्या नाकाला विचारू नये. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणे नाक थोड्याच वेळात सोडून देते, शिवाय काही जणांना कृत्रिम कस्तुरीचे ठरावीक प्रकार मुळातच जाणवत नाहीत. घरातल्या कोणाला तरी चार तासांनी विचारणे हीच खरी चाचणी.

घामाची दुर्गंधी हा स्वतंत्र विषय आहे. ताज्या घामाला जवळपास वास नसतो. काखेतले जीवाणू त्यातल्या घटकांचे विघटन करतात तेव्हा तो येतो. त्यावर सुगंध ओतण्यापेक्षा आंघोळीनंतर ओल्या काखेत तुरटीचा खडा फिरवणे जास्त स्वस्त आणि परिणामकारक आहे. लिंबू किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे नैसर्गिक तेल असलेले अत्तर उघड्या मानेवर लावून उन्हात जाऊ नये, कारण त्यातल्या काही घटकांमुळे अतिनील किरणांत त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. बाटली कपाटात अंधारात ठेवावी. गॅसवाला डिओ तर उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत मुळीच ठेवू नये. त्याच्या डब्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि आपल्याकडे मेमध्ये बंद मोटारीच्या आत ती दुपारी सहज ओलांडली जाते.