गंजिफा

गंजिफा हा गोल पत्त्यांचा जुना खेळ. शब्द फारसी आहे, आणि हिंदुस्थानात खेळही तिकडूनच आला. 1527 साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे त्याच्या आवडीचा म्हणून गंजिफा पाठवल्याची नोंद खुद्द त्याच्याच आठवणींत सापडते. अकबराच्या काळात अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या 144 पानांचा जोड तपशीलवार वर्णिला. पुढे जास्त रुळला तो मात्र आठ रंगांचा, 96 पानांचा मोगली गंजिफा. त्याच्या रंगांत ताज, शमशेर, गुलाम, चंग अशी दरबारातली नावे आहेत.

या दरबारी खेळाला इथल्या लोकांनी दशावताराचा साज चढवला, आणि गंजिफ्याच्या इतिहासातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच म्हणावी लागेल. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, म्हणजे एकूण 120. मत्स्याच्या रंगावर मासे, कूर्माच्या रंगावर कासवे, वराहाला शंख, नृसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला धनुष्यबाण, कल्कीला तलवार. चिन्हे प्रांतागणिक थोडी बदलतात. ओडिशात आणि बंगालमधल्या विष्णुपूरला नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ येतो. राणी मात्र कुठेच नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपलेल्या इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या काळातल्या पत्त्यांतही राजाखाली त्याचे नायबच आहेत, राणी नाही. आपल्या नेहमीच्या बावन्न पानांतली राणी युरोपातून आली.

खेळायला तिघे लागतात. प्रत्येकाला 40 पाने येतात. गोल पानांना कोपरे नसल्याने ती पंख्यासारखी हातात धरणे नवख्याला जड जाते. पिसतानाही ती चादरीवर पसरून तळहाताने कालवतात. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याची पहिली उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. राजासोबत तो एक हलके पानही टाकतो. बाकीचे दोघे आपापली दोन हलकी पाने देतात आणि पहिला हात राजाचा होतो.

खरी गंमत उतरंडीत आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान. उरलेल्या निम्म्यांत नेमके उलटे, तिथे एक्का प्रधानाच्या पाठोपाठ येतो आणि दश्शी तळाला जाते. ज्या रंगाची उतारी त्याच रंगाचे पान दिले पाहिजे असे बंधन नाही. एखादा रंग सगळ्यांवर चढवण्याची आपली पद्धतही इथे नाही. ‘हुकूम’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ वेगळा: त्या रंगात अजून बाहेर न पडलेले सर्वांत मोठे पान. राजा आणि प्रधान पडून गेले की दश्शी किंवा एक्का हुकूम होतो, तोही गेला की त्याखालचे पान. म्हणजे दहा रंगांत कोणते पान गेले आणि कोणते अजून कुणाच्या हातात दडले आहे, हा हिशेब डोक्यात चालू ठेवावा लागतो. नशिबाचा भाग वाटणीपुरता. पुढे सगळी स्मरणशक्ती. म्हणूनच या खेळाला केवळ शोभेची वस्तू मानणे त्याच्यावर मोठा अन्याय आहे, असे या नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते.

म्हैसूरला तिथले राजे मुम्मडी (तिसरे) कृष्णराज वोडेयर यांनी गंजिफ्याचे नवनवे जोड रचले. त्यांतला चामुंडेश्वरी छद नावाचा जोड तर 320 पानांचा होता.

महाराष्ट्रात गंजिफ्याचे नाव सावंतवाडीशी जोडलेले आहे. तिथले चितारी ही पाने करत आले. कापडाला किंवा कागदाला चिंचोक्याची खळ लावून थर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, वाळले की दगडाने घोटून गुळगुळीत करायचे आणि मग गोल कापायचे. रंगकाम बारीक कुंचल्याने होते आणि वर लाखेचा हात फिरतो. त्या लाखेमुळेच पान चकाकते आणि बोटांतून सहज सरकते. श्रीमंतांसाठी हस्तिदंतावर किंवा कासवाच्या पाठीवर रंगवलेल्या कामाला दरबार कलम म्हणत, साध्या पानांना बाजार कलम.

छापील पत्ते स्वस्त झाल्यावर हाताने रंगवलेला जोड कोण घेणार? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडीतले काम जवळजवळ थांबले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या समजून घेतली आणि 1970 च्या दशकात ती तरुण कारागिरांच्या हाती दिली. राजवाड्याच्या दरबार दालनात आजही जमिनीवर बैठक मारून पाने रंगवली जातात. दशावतारी जोडासोबत बदाम-इस्पिकाचे बावन्न पत्तेही त्याच धाटणीत, गोल आकारात तिथे तयार होतात. जोड मिळतो तो चित्रे काढलेल्या लाकडी डबीत, सरकत्या झाकणाखाली.