दार उघडायचं की नाही: झोंबीकथेतला आसरा आणि मुंबईचा पूर्वेतिहास

झोंबींची साथ मुंबईत आली तर काय, हा विषय कट्ट्यावर निघाला की पहिली दहा मिनिटं हत्यारांवर जातात. कोयता की सळई, गाडी की बोट. मग कोणीतरी सकाळी ८ ची विरार लोकल काढतं आणि सगळे हसतात. पण या कथांचा जीव हत्यारात नसतो. चार अनोळखी माणसं एका बंद जागेत अडकली आहेत, बाहेर मरण उभं आहे आणि दारावर आणखी एक जण थापा मारतोय; त्याला आत घ्यायचं का, यावर सगळी कथा चालते. ही मांडणी झोंबीइतकी जुनी नाही. ती बरीच नंतर जोडली गेली.

मूळ झोंबी हैतीचा. फ्रेंच अमलात या वसाहतीला सँ-दोमिंग म्हणत आणि तिथले उसाचे मळे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या जिवावर चालत. मेल्यावर तरी आत्मा परत आफ्रिकेला जाईल, एवढी एक आशा या माणसांना होती. झोंबी म्हणजे तीही हिरावली गेलेला माणूस; मेल्यानंतरही उठवून कामाला जुंपलेला. १८०४ साली हैती स्वतंत्र झाला, पण ही भीती लोकांच्या मनातून गेली नाही. पुढे १९१५ ते १९३४ तिथे अमेरिकी सैन्य ठाण मांडून होतं. त्या काळात, १९२९ साली, विल्यम सीब्रूक या अमेरिकी लेखकाने हैतीवर पुस्तक लिहिलं आणि उसाच्या मळ्यात राबणाऱ्या मेलेल्या माणसांची गोष्ट अमेरिकेत पोचवली. तीनच वर्षांत त्यावर हॉलिवूडचा सिनेमा आला. या झोंबीला चावायचं माहीत नव्हतं, त्याच्यापासून लागण होत नव्हती, त्याच्या झुंडीही नव्हत्या. लोककथेप्रमाणे त्याला मीठ खाऊ घातलं की भान येतं आणि तो आपल्या थडग्याच्या दिशेने चालू लागतो. लोक झोंबीला भीत नव्हते, आपला झोंबी होईल याला भीत होते. ज्यांच्या आजोबांनी गिरणीत आयुष्यभर रात्रपाळ्या केल्या, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागू नये.

बंद घर आलं १९६८ मध्ये. जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या मित्रांनी पिट्सबर्गजवळ सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. रिचर्ड मॅथसनच्या १९५४ च्या कादंबरीत एकटा माणूस घरात कोंडून घेतो. ती कल्पना रोमेरोने उचलली आणि घरात एकाऐवजी सात जण ठेवले. इथेच सगळं बदललं. एक म्हणतो तळघरात जाऊन दार लावून घेऊ, दुसरा म्हणतो तळघर म्हणजे सापळा, वरच खिडक्यांना फळ्या ठोकू. बाहेरच्या मुडद्यांपेक्षा या भांडणानेच जास्त घात होतो. सगळी रात्र तगून राहिलेल्या कृष्णवर्णीय नायकाला सकाळी मदतीला आलेली माणसंच झोंबी समजून गोळी घालतात. गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात झोंबी हा शब्द नाही. वितरकाने नाव बदलताना पडद्यावरची कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, त्यामुळे सिनेमा कोणाच्याच मालकीचा राहिला नाही. ज्याला हवा त्याने तो दाखवला. हा साचा इतका पसरला त्यात या चुकीचा वाटा मोठा आहे. मग १९७८ मध्ये रोमेरोनेच माणसं मॉलमध्ये कोंडली. २०१६ च्या कोरियन सिनेमात ती आगगाडीत कोंडली गेली. तिथे सुरक्षित डब्यातले प्रवासी जीव वाचवून आलेल्यांनाच दार उघडत नाहीत. मुंबईच्या प्रेक्षकाला तो प्रसंग परका वाटायचं कारण नाही. 'पुढे जागा नाही' हे आपण रोज ऐकतो.

आपल्याकडे भुतांची वानवा कधीच नव्हती. पण मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ स्मशानात. प्रत्येकाचा पत्ता ठरलेला आणि मागणीही ठरलेली. नारळ द्या, कोंबडं द्या, भगताला बोलवा, काहीतरी तोड निघते. वेताळ तर प्रेतात शिरूनही विक्रमाला कोडी घालतो. झोंबीला काहीच नको असतं, त्याच्याशी बोलणी होत नाहीत. शिवाय आपण बहुतेक जण प्रेतं जाळतो, त्यामुळे थडगं फोडून उठायला फारसं कोणी शिल्लक राहत नाही. इथला झोंबी यायचा तर साथीच्या रोगातूनच येणार. आणि साथीत दार कसं बंद होतं, याचा मुंबईचा अनुभव १९६८ च्या कितीतरी आधीचा आहे.

सप्टेंबर १८९६. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेली धान्याची कोठारं, कोंदट इमारती आणि उंदीर. तिथे दवाखाना चालवणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी जांघेत, काखेत गाठ आलेले तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग असल्याचं जाहीर केलं. पुढचे काही महिने शहराने जे पाहिलं, त्यावर आजचा कुठलाही पटकथाकार वेगळं काही रचू शकणार नाही. तपासणीची पथकं घरात शिरत, आजाऱ्याला उचलून नेत, बाकीच्या घराला छावणीत टाकत, सामान जाळत, कौलं उतरवून घरात ऊन घेत. राहायला नालायक ठरलेल्या घराच्या भिंतीवर 'यू.एच.एच.' ('अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन') अशी अक्षरं रंगवली जात. रेल्वे स्टेशनवर प्रवाशांना रांगेत उभं करून गाठी चाचपल्या जात. ऑक्टोबरात हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण आत गेलेला परत येत नाही, अशी खात्रीच लोकांची झाली होती. शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बोटींनी, गाड्यांनी, पायी गावाकडे निघून गेली. जे राहिले त्यांनीही अनोळखी माणसाबरोबर आसरा घेतला नाही. पारशी, भाटिये, जैन असे ज्यांना परवडलं त्यांनी आपापल्या जातीची रुग्णालयं आणि छावण्या काढल्या. मरायचं तरी आपल्यांत, परक्याच्या हातचं पाणी पिऊन नाही. आसरा हा शब्द त्या मुंबईत जातीला चिकटून होता आणि हे लपवण्यात अर्थ नाही.

तसं पाहिलं तर अनोळखी माणसांनी एका छपराखाली राहणं हा या शहराचा रोजचाच व्यवसाय. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार गावकीच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस जण राहत. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीवाला आडवा होई आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खी कुटुंबं वाढली. पण खोली गावकीची, म्हणजे आत येणारा माणूस कोणाचा कोण हे आधी विचारलं जाई. 'कुठल्या गावचे?' हा प्रश्न तेव्हा गप्पा सुरू करायला नसे. दार उघडण्याआधी तो विचारायचाच असे.

२६ जुलै २००५ ला तो प्रश्न कोणी विचारला नाही. मंगळवार होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि कुलाब्यात शंभरसुद्धा नाही. फोर्टमधल्या साहेबांना उपनगरं बुडाल्याचं बराच वेळ कळलंच नाही. लोकल थांबल्या, मोबाइल मुके झाले, मिठी नदी कुर्ल्या-कलिन्यात घराघरांत शिरली. लोक रुळांवरून, हायवेवरून हात धरून साखळी करून चालत होते. दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतून चहा, पाणी, बिस्किटं येत होती. ज्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी, त्या बायका चालणाऱ्यांना वाटेतला उघडा नाला कुठे आहे ते दाखवत होत्या. शाळांत, ऑफिसांत, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर, अनोळखी घरांच्या हॉलमध्ये लाखो माणसांनी रात्र काढली. त्याच रात्री काही जण आपापल्या गाडीत काचा लावून, दारं लॉक करून सुरक्षित बसले. पाणी चढल्यावर लॉक अडकले, काचा उतरेनात, आणि ते आतच गेले. त्यानंतर कित्येक वर्षं मुंबईकर गाडीत हातोडी ठेवत असत. रोमेरोच्या तळघरावरून झालेलं भांडण इथे प्रत्यक्षात निकाली निघालं.

१८९६ आणि २००५ शेजारी ठेवले की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. पूर आला की मुंबई दार उघडते, साथ आली की लावून घेते. याचा चांगुलपणाशी फारसा संबंध नाही. पुरात भिजलेला माणूस आत आला तर फरशी ओली होते, एवढंच. साथीत आत येणारा माणूसच धोका असतो. झोंबीकथेचं सगळं कौशल्य या दोन्हींची गाठ मारण्यात आहे: संकट पुरासारखं अचानक येतं, माणसं वाटेतच अडकतात, आणि दाराशी उभ्या असलेल्या भिजलेल्या माणसाच्या बाहीखाली चावा आहे की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

तिसराही प्रकार या शहराने पाहिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन अतिरेकी कामा रुग्णालयात शिरले तेव्हा तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांच्याकडे वीस गरोदर बायकांचा वॉर्ड होता. त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावले, दिवे मालवले आणि सगळ्याजणींना टोकाच्या छोट्या पॅन्ट्रीत नेलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने जिन्यावरून प्रसूतिगृहात पोचवलं आणि मूल झालं. वीस अनोळखी बायका, एक बंद खोली, बाहेर गोळ्या. त्या पॅन्ट्रीत नेतृत्व कोणी करायचं यावर वाद झाला नाही, कारण गणवेश कोणाच्या अंगावर आहे ते उघड होतं. सिनेमे हा तपशील नेहमी विसरतात.

अभ्यासकांचं म्हणणंही सिनेमाच्या उलट आहे. अमेरिकेत १९६३ साली ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र निघालं. त्याच्या संस्थापकांपैकी एक, एन्रिको क्वारंटेली, यांनी आयुष्यभर हेच दाखवून दिलं की संकटात माणसं बेभान होऊन एकमेकांना तुडवत सुटतात हा समज बहुतेक वेळा खोटा ठरतो; पहिली मदत शेजारी आणि वाटसरूच करतात. २०११ मध्ये अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने झोंबी आले तर घरात काय साठवून ठेवावं, अशी थट्टेची सूचना काढली. ती वाचायला इतकी गर्दी झाली की त्यांची वेबसाइट बसली. यादीत पाणी, औषधं, टॉर्च, कागदपत्रं असंच सगळं होतं, म्हणजे पुरालाही चालेल असं.

मात्र क्वारंटेलींचे दाखले बरेचसे भूकंपा-वादळांचे. साथीत काय होतं ते आपण २०२० मध्ये पाहिलं. १३ मार्चला महाराष्ट्र सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा, प्लेगसाठी केलेला. मुंबईचे पहिले रुग्ण गेले कस्तुरबात, म्हणजे त्याच आर्थर रोडच्या रुग्णालयात. गल्लीच्या तोंडावर बांबू आडवे पडले. घरकाम करणाऱ्या बाईला गेटवर थांबवलं, आणि टाळ्या वाजवून झाल्यावर काही इमारतींनी आपल्याच नर्सला जिन्यात अडवलं. दुसरीकडे धारावीत, जिथे दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं आणि संडास सार्वजनिक, तिथे 'घरीच थांबा' म्हणण्याला काही अर्थ नव्हता. म्हणून पालिकेने शाळा, लग्नाचे हॉल, क्रीडासंकुल ताब्यात घेऊन संशयितांना तिथे ठेवलं. अनोळखी माणसांनी एकत्र आसरा घेणं, तेही सरकारी हुकमाने आणि दोन वेळच्या जेवणासह. धारावीची साथ आटोक्यात आली त्यात या हॉलांचा वाटा होता.

दोनच वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' आला आणि मराठी झोंबी पहिल्यांदा डोंबिवलीत फिरला. टॉवर एका बाजूला, झोपडपट्टी दुसऱ्या बाजूला, ही त्याची मांडणी मला नेमकी वाटते. इथे शेतातलं एकटं घर नसतंच. इथे सोसायटीचं गेट असतं, त्याच्याशी वही घेऊन बसलेला वॉचमन असतो आणि वॉचमनला इंटरकॉमवरून सांगणारा सेक्रेटरी असतो.

आणि गच्चीवर टाकी असते. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं. त्यातले विहार आणि तुळशी शहरातल्या जंगलात, बाकीचे ठाणे-नाशिककडे लांब. ते इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत येतं आणि पंपाने वर चढतं. वीज गेली की पंप बंद, मग गच्चीवर जे असेल तेवढंच. वीस घरांची, ऐंशी माणसांची इमारत धरा, वरची टाकी दहा हजार लिटरची. माणशी १३५ लिटरच्या सरकारी हिशोबाने ती एक दिवसही पुरत नाही. आंघोळ-धुणी बंद करून माणशी पाच लिटरवर आणलं तर पंचवीस दिवस जातात. गेटबाहेरच्या चाळीस जणांना आत घेतलं की साधारण सतरा. म्हणजे दार उघडायची किंमत आठ दिवस.

हे आठ दिवस द्यायचे की नाही, ते कमिटी एकटी ठरवणार नाही, विशेष सर्वसाधारण सभाच बोलवावी लागेल. नोटिशीच्या तळाशी नेहमीची ओळ असेलच: गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.