विज्ञानपटातील यानांची प्रमाणबद्ध प्रतिकृती

विज्ञानपटासाठी बनवलेले यान, उपकरण किंवा शस्त्र नीट मोजून, ठरावीक प्रमाणात लहान (हातात धरायची वस्तू असल्यास बहुधा मूळ आकारात) घडवलेली हुबेहूब वस्तू. शोभेच्या वस्तूत ढोबळ साम्य पुरते. येथे प्रत्येक भागाचे माप कशावरून घेतले, हे सांगता आले पाहिजे. हा छंद साधारणपणे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा मानतात, कारण ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेतील एंटरप्राइझ यानाचा प्लॅस्टिक संच १९६६ पासून बाजारात आला. मात्र गरज त्याहून जुनी आहे. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) या जर्मन चित्रपटासाठी शिल्पकार वाल्टर शुल्झ-मिटेनडोर्फ यांनी घडवलेला यंत्रस्त्रीचा मूळ पोशाख आज अस्तित्वात नाही. त्याच्या पुढच्या काळातील प्रतिकृतींचा मुख्य आधार म्हणजे छायाचित्रे.

मूळ वस्तूचा प्रश्न : प्रतिकृती कशाची करायची, याला तीन उत्तरे संभवतात : कथेतील काल्पनिक यान, चित्रीकरणासाठी बांधलेला नमुना, किंवा पडद्यावर दिसणारी प्रतिमा. या तिन्हींची मापे जुळत नाहीत.

‘स्टार वॉर्स’मधील मिलेनियम फाल्कन हे याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण. जुन्या खेळपुस्तिकांत या यानाची लांबी २६.७ मी. दिली आहे, तर पुढच्या संदर्भग्रंथांत ती ३४ ते ३५ मी.च्या दरम्यान येते. १/७२ प्रमाणात पहिल्या आकड्यावरून ३७.१ सेंमी.ची प्रतिकृती होते. ३४.७५ मी. धरल्यास तीच ४८.३ सेंमी. होते. म्हणजे प्रमाण एकच असूनही ११ सेंमी.चा फरक पडतो. चित्रीकरणाच्या नमुन्यांची स्थितीही सरळ नाही. १९७७ च्या चित्रपटासाठी सुमारे ५ फुटांचा नमुना बांधला गेला, तर १९८० च्या चित्रपटासाठी ३२ इंची (सु. ८१ सेंमी.) नमुना वेगळा केला गेला. दोहोंवरील बारीक भागांची मांडणी वेगळी आहे. पहिल्या चित्रपटात यानाला तीन पाय होते. दुसऱ्यासाठी वेल्समधील पेम्ब्रोक डॉक येथे पूर्णाकृती सेट बांधला, त्याला पाच पाय होते. त्याच्याशी मेळ बसावा म्हणून जुन्या ५ फुटी नमुन्याच्या पोटाशीही पायांच्या दोन पेट्या नंतर जोडण्यात आल्या. त्यामुळे आज जतन केलेल्या नमुन्याची छायाचित्रे पाहून १९७७ चे यान बांधू गेल्यास दोन पेट्या जास्त होतात. ही चूक वारंवार आढळते.

एंटरप्राइझच्या सुमारे ११ फुटी नमुन्याबाबत वाद रंगाचा आहे. हा नमुना १९७४ मध्ये अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेकडे आला. १९९१ च्या सुमारास झालेल्या रंगकामात तबकडीवरील रेघा ठळक करण्यात आल्या. त्या मुळात इतक्या ठळक होत्या काय, यावर बराच खल झाला. २०१६ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात नमुना ऑगस्ट १९६७ मधील स्थितीत आणला गेला. तबकडीच्या वरच्या भागावरचा मूळ रंग टिकून होता, तो पुराव्यादाखल तसाच ठेवण्यात आला. या नमुन्याची डावी बाजू अपुरी होती. तारा त्या बाजूने बाहेर काढलेल्या असल्याने चित्रीकरण उजवीकडूनच होई. काल्पनिक यानाची लांबी २८९ मी. मानल्यास १/३५० प्रमाणात ८२.६ सेंमी. भरते, पण डाव्या बाजूचे तपशील त्यासाठी अनुमानानेच भरावे लागतात.

या तीन पक्षांपैकी चित्रीकरणाच्या विशिष्ट वेळचा नमुना प्रमाण मानणे अधिक सयुक्तिक दिसते, कारण मोजता येण्याजोगी वस्तू तेवढीच असते. वर्ष आणि चित्रपट आधी लिहून ठेवावा, त्याबाहेरची छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावी. या पद्धतीत ३२ इंची फाल्कन त्याच आकारात करतात. ३४.७५ मी. लांबीच्या हिशेबाने ते प्रमाण सुमारे १/४३ येते.

मापन : १९७० च्या दशकातील नमुन्यांवर रणगाडे, विमाने, शर्यतीच्या गाड्या यांच्या प्लॅस्टिक संचांतले शेकडो सुटे भाग चिकटवलेले असत. छंदमंडळी याला किटबॅशिंग म्हणतात. एखादा भाग कोणत्या संचातला हे ओळखता आले, की तोच मोजपट्टीचे काम करतो. उदाहरणार्थ, १/३५ रणगाड्याचे चाक व्हर्नियर कॅलिपरने २० मिमी. भरले आणि छायाचित्रात त्याचा व्यास १६० पिक्सेल असला, तर १ मिमी.ला ८ पिक्सेल पडतात. शेजारची १,०४० पिक्सेलची पट्टी मग १३० मिमी.ची ठरते. हे गणित ओळखलेला भाग आणि मोजायचा भाग एकाच प्रतलात असतील तरच खरे. कॅमेऱ्यापासून एक भाग १ मी. आणि दुसरा १.१ मी. अंतरावर असेल, तर सुमारे ९ टक्के चूक येते. वक्र पृष्ठावर म्हणूनच दर १०–१५ सेंमी.ला नवा ओळखीचा भाग शोधतात.

थेट चित्रपटाच्या फ्रेमवरून माप घेणे कमी भरवशाचे. पहिल्या ‘स्टार वॉर्स’मध्ये अभिनेत्यांची दृश्ये अ‍ॅनामॉर्फिक भिंगांनी घेतली होती. या भिंगांत प्रतिमा आडवी दाबली जाते, पुन्हा ताणताना जवळच्या वस्तू किंचित रुंद दिसू शकतात. यानांच्या नमुन्यांची दृश्ये मात्र व्हिस्टाव्हिजन या मोठ्या फ्रेमच्या कॅमेऱ्यावर साध्या भिंगांनी घेतलेली होती. एका जातीच्या फ्रेमसाठी ठरवलेली दुरुस्ती दुसऱ्या जातीला लावू नये.

हातातल्या वस्तूंचे काम याहून सोपे. ल्यूक स्कायवॉकरच्या प्रकाशतलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या तीन सेलच्या जुन्या फ्लॅशगनची नळी. ती सेटसजावटकार रॉजर क्रिश्चन यांना लंडनमधील कॅमेऱ्याच्या दुकानात मिळाली. पकडपट्टीत १९७७ च्या चित्रपटात गणकयंत्राच्या पडद्यावरील भिंगांची पट्टी आहे, तर १९८० च्या चित्रपटात तिच्या जागी सर्किट कार्डाची कडा दिसते. एवढ्यावरून प्रतिकृती कोणत्या चित्रपटाची हे ओळखता येते.

बांधणी : ५० सेंमी.पेक्षा मोठ्या प्रतिकृतीला आतून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा सांगाडा आणि ५ मिमी. अ‍ॅक्रिलिकचे आडवे पडदे लागतात. स्टँडचा नट सांगाड्यातच बसवावा. कवचावर भार आल्यास वर्षभरात सांधे उलतात. कवचासाठी १ मिमी. स्टायरीन शीट (पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकचा पातळ पत्रा), वरच्या पट्ट्यांसाठी ०.२५ व ०.५ मिमी. जाडीची शीट. १/७२ प्रमाणात ०.५ मिमी. पट्टी म्हणजे ३६ मिमी. जाड पत्रा, म्हणून त्याहून जाड पट्टी बोजड दिसते.

उथळ तबकडी सपाट शीटपासून शंकूसारखी वळवता येते. पायाची त्रिज्या २०० मिमी. आणि उंची ४० मिमी. हवी असेल, तर तिरकी बाजू २०४ मिमी. होते. त्या त्रिज्येचे वर्तुळ कापून त्यातून ३६० × (१ − २००/२०४), म्हणजे सुमारे ७ अंशांची पाचर काढावी. पाचर १ अंशाने चुकली तर उंची जवळजवळ ३ मिमी.ने बदलते. आधी कार्डशीटवर कापून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. डायक्लोरोमिथेनने (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा विद्रावक) सांधे जोडताना खोली हवेशीर हवी. बंद पेटीत विद्रावकाची वाफ कोंडली, तर काही आठवड्यांनी कवच आत ओढले जाते. म्हणून न दिसणाऱ्या बाजूला ३ मिमी.चे भोक ठेवतात.

गोव्यात स्टायरीन शीट बहुधा बाहेरून मागवावी लागते. फ्लेक्सबोर्डवाल्यांकडे मिळणारे ३ व ५ मिमी. सनबोर्ड (फेसाळ प्लॅस्टिकचा हलका पत्रा) सांगाड्याला आणि सपाट भागांना चालते, फेविक्विकने चटकन जुळते. पण त्याचा गाभा सच्छिद्र असल्याने कोरलेल्या रेघा फिसकटतात. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) टाळावे. एकाच पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात.

साचे व ओतकाम : दिवाळीतले नरकासुराचे पुतळे, शिगम्याचे चित्ररथ, कुंभारजुव्याचा सांगोड (गणेशविसर्जनाची होड्यांवरची मिरवणूक) यांमुळे मोठे आकार उभे करण्याचे कसब गोव्यात घरोघर आहे. सांगाडा बांधणे, रंगाचे थर, हलते भाग यांत ते थेट कामी येते. मात्र कागदाचा लगदा आणि चित्रशाळेतील (गणेशमूर्तींच्या कारखान्यातील) चिकणमाती वाळताना आकसतात, त्यामुळे मोजून करायच्या मूळ नगासाठी (ज्यावरून साचा घेतात त्या नमुन्यासाठी) ती सोयीची नाहीत. तेलमाती आकसत नाही, पण तिच्यात गंधक असल्यास साच्याचे प्लॅटिनम जातीचे सिलिकॉन रबर तिच्यावर जमतच नाही, चिकट राहते. लॅटेक्सच्या हातमोज्यांनीही तेच होते. कथिल जातीचे सिलिकॉन तेथे जमते, पण कालांतराने साचा अर्धा ते एक टक्का आकसू शकतो. ३० सेंमी.च्या भागात हा फरक २–३ मिमी.पर्यंत जातो, तेव्हा अशा साच्यातून ओतकाम लवकर उरकावे.

होड्यांच्या फायबरकामामुळे पॉलिएस्टर रेझिन, मॅट (काचतंतूचे कापड) आणि हार्डनर (रेझिन घट्ट करणारा द्रव) किनाऱ्यावर सहज मिळतात, आणि घोटाळा नेमका येथेच होतो. या रेझिनमध्ये द्रव स्टायरीन असते. ते थर्माकोल आणि स्टायरीन शीट दोन्ही विरघळवते. मूळ नगावर ते थेट लावू नये, सिलिकॉनच्या साच्यात लावावे. हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्के. एप्रिल–मेच्या उष्म्यात १ टक्काच पुरे, नाहीतर भांड्यातच रेझिन तापून तडकते. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालतात. लहान प्रतिकृतीला दर चौ. मी.ला ३०० ग्रॅम वजनाच्या मॅटचे दोन थर बास होतात.

बारीक भागांसाठी पॉलियुरेथेन रेझिन उत्तम, कारण ते फार कमी आकसते. त्याचा शत्रू ओलावा. त्यातील आयसोसायनेट हा घटक पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि नग फेसाळतो. जून ते सप्टेंबर या काळात कोकणपट्टीत उघडलेली बाटली काही दिवसांतच निकामी होऊ शकते. ओतकाम डिसेंबर–फेब्रुवारीत उरकून घ्यावे. भराव म्हणून टाल्क घालायचा असल्यास तो आधी ओव्हनमध्ये तापवून कोरडा करावा. त्रिमितीय छपाई केलेल्या भागांत पीएलए हे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश से. तापमानाला मऊ पडते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत असे भाग ठेवू नयेत.

रंग व दिवे : करड्या प्रायमरनंतर ६०० आणि मग १००० क्रमांकाचा पॉलिश पेपर, त्यावर एअरब्रशने पातळ थर. लॅकर दमट हवेत फवारल्यास थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरते आणि पांढरट झाक येते. आर्द्रता ८० टक्क्यांवर असताना फवारणी थांबवणेच बरे. रिटार्डर (हळू उडणाऱ्या) थिनरने थोडी मदत होते.

स्टायरीनमधून प्रकाश झिरपतो, म्हणून आतून आधी काळा, मग पांढरा रंग देतात. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ३ व्होल्टचा पांढरा एलईडी १० मिलिअँपिअरवर चालवायचा, तर २०० ओहमचा रोधक येतो. २२० ओहमचा सहज मिळतो. खिडक्यांसाठी ०.५ मिमी. प्रकाशतंतू रंगकाम संपल्यावर ओवावेत, कारण लॅकर थिनरने ते तडकतात. समुद्राजवळच्या घरांत सेलच्या स्प्रिंगा खारट हवेने गंजतात. सेलची पेटी टाळून यूएसबी अ‍ॅडॉप्टर वापरणे टिकाऊ ठरते. काचेच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या दर पावसाळ्याआधी तापवून कोरड्या कराव्या लागतात.