जितके रडार जास्त, तितकं लोकेशन पक्कं? नाही हो!

सगळे रडार एकदम चालू ठेवले की टार्गेट अचूक सापडतं, हे वर्षानुवर्षं फिरतंय, पण अर्धवट आहे. समजा नाशिकच्या गंगापूर धरणावर ड्रोन आहे आणि चार रडार धरणाकडे जाणाऱ्या गंगापूर रोडला ओळीने लावलेत, तर प्रत्येक रडारभोवती त्याने मोजलेल्या अंतराची काढलेली वर्तुळं तिथे जवळपास एकमेकांवर घासत जातात, म्हणजे अंतर कळतं पण ड्रोन डावीकडे की उजवीकडे ते धूसर राहतं. त्याऐवजी एक पांडवलेणीच्या डोंगरावर, एक रामशेज किल्ल्यावर ठेवा, दोघं ड्रोनकडे वेगळ्या दिशांनी बघतात, म्हणून वर्तुळं जवळपास काटकोनात कापतात आणि जागा नेमकी कळते! जास्तीच्या रडारने फायदा होतो, पण थोडाच, वीज आणि डेटा मात्र भरपूर जातो.

मग निवडायचे कसे? 20 रडारमधून 5 म्हणजे 15,504 वेगवेगळे गट, सगळे तपासत बसणं अवघड, म्हणून दरवेळी जागेतली चूक सगळ्यात जास्त कमी करणारा एकेक रडार घेत जातात, उत्तर बहुतेकदा सर्वोत्तमच्या जवळ येतं.