नौकांचा माग आणि डेटाची सामायिक परिभाषा

डेटाची सामायिक परिभाषा म्हणजे एकाच फिरत्या वस्तूविषयी वेगवेगळ्या यंत्रणांनी टिपलेली माहिती सगळीकडे एकाच अर्थाने वाचली जावी, म्हणून आधी ठरवून घेतलेले संकेत. ओळख, ठिकाण, वेळ, वेग, दिशा, स्थिती यांचा अर्थ आणि एकक त्यांत पक्के केलेले असते. आयएसओ १९१४१ (२००८) हे मानक गतिमान वस्तूंच्या भौमितिक वर्णनासाठी आहे; समुद्रावर रोज चालतो तो संकेत एआयएसचा, म्हणजे नौकेची ओळख, ठिकाण, वेग रेडिओवरून कळवत राहणाऱ्या स्वयंचलित ओळख प्रणालीचा.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालेला ट्रॉलर (जाळे ओढत मासेमारी करणारी नौका) किनाऱ्यावरच्या रडारला नुसता ठिपका असतो. अंतर कळते, दिशा कळते, नाव नाही. एआयएस बसवलेले असेल तर तोच ट्रॉलर पडद्यावर नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, म्हणजे नौकेच्या रेडिओचा ओळख क्रमांक (भारताचा ४१९ने सुरू होतो), कागदोपत्री नोंदणी क्रमांक आणि तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाच्या, तोंडी फक्त नाव. मालवाहू जहाजाने ध्वज बदलला की एमएमएसआयही बदलतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या (आयएमओ) नावाचा सात अंकी क्रमांक मात्र भंगारात जाईपर्यंत तोच. ही सगळी नावे एकाच नौकेची आहेत हे जुळवणे, खरे किचकट काम तेच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला सुरू झालेल्या योजनेत मच्छीमार नौकांवर १ लाख ट्रान्सपाँडर (ओळख आणि ठिकाण कळवणारी यंत्रे) बसवायचे आहेत; म्हणजे जुळवायला आणखी एक ओळख आली.

आकडेही कमी फसवत नाहीत. रत्नागिरीचा अक्षांश १६ अंश ५९ मिनिटे. तो कुणी दशांशात १६.५९ असा वाचला, तर बंदरातली नौका सुमारे ४४ किलोमीटर दक्षिणेला, थेट जैतापूरच्या अक्षांशावर जाते. भारतीय वेळ जागतिक वेळ समजली, की साडेपाच तासांची गफलत. ८ नॉटने (तासाला ८ सागरी मैल) चाललेल्या नौकेसाठी ती ४४ सागरी मैलांची.

‘माहीत नाही’ यालाही एआयएसमध्ये स्वतंत्र आकडा आहे, आणि ही सोय फार शहाणपणाची. अक्षांश ९१ आला तर तो पृथ्वीवर नाहीच, त्यामुळे गैरसमज होत नाही. वेगाचा रकाना नॉटच्या दहाव्या भागात मोजतो; त्यात १०२३ म्हणजे ‘वेग उपलब्ध नाही’. हे ठाऊक नसलेला प्रोग्रॅम मात्र १०२.३ नॉट धरून खुशाल सरासरी काढतो.

स्थितीच्या रकान्यात ७ म्हणजे मासेमारी चालू. डोल (पिशवीसारखे स्थिर जाळे) लावून पाण्याच्या ओढीवर थांबलेली नौका आणि संथपणे जाळे ओढणारा ट्रॉलर, दोघांनाही सातच. शिवाय हा आकडा नौकेवरचा माणूस हाताने भरतो. परतल्यावर बदलायचा राहिला, तर धक्क्याला बांधलेली नौका पडद्यावर रात्रभर मासे पकडत असते.